घड्याळाशेजारचा आकडा

ऑक्टोबर आला की आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेरची सातवीण फुलते. या फुलांच्या वासाबद्दल लोकांत दोन तट आहेत. काहींना तो मंद, मोहक वगैरे वाटतो. हे लोक झाडापासून लांब राहतात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बरोबर तिच्या फांद्यांच्या उंचीवर. संध्याकाळी खिडकी उघडली की तो वास आगंतुक पाहुण्यासारखा आत येऊन बसतो आणि जेवायची वेळ झाली तरी उठत नाही. खिडकी लावून घेतली की उकाडा. पाऊस गेलेला असतो, थंडीची नुसती अफवा असते, आणि मधल्या दिवसांत बोरीवलीकरांच्या मानेवर घामोळं उठतं.

याच दिवसांत मला मत्सर होतो. ऋतू बदलला की काहींना सर्दी होते, तसा. एरवी मी बरा असतो. लोकांचे सत्कार, नव्या गाड्या, त्यांच्या मुलांचे मार्क, सगळं मी शांतपणे बघू शकतो, कारण मला यातल्या कशाचंच फारसं कौतुक नाही. पण सातविणीला पहिला गुच्छ आला की माझं पोट दुखू लागतं.

यंदाही दुखलं. सकाळी चहा घेताना आमच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीची घोषणा वाचली. खाली आभार होते. माझ्या कॉलेजातल्या मित्राचं, मिलिंदचं नाव वर होतं, माझं बरंच खाली. नावं वर्णानुक्रमे लावली असती तर अविनाश आधी आला असता. जगातल्या कुठल्याही भाषेत आला असता. पण मोठ्या लोकांचे आभार वर्णानुक्रमे मानत नाहीत.

मी काय करतो ते समजावून सांगणं अवघड आहे. माझ्या आईला ते अजून कळलेलं नाही, आणि तीच ते सगळ्या नातेवाइकांना सांगत असते. पगाराची नोकरी अंधेरीला आहे, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण सुट्टीच्या दिवशी मी ज्यात डोकं घालून बसतो तो मेल वाचायचा एक प्रोग्रॅम आहे. जगभरातल्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेला. फुकट. त्याचा कोड उघडा असतो, कुणीही आत बघावं, सुधारावं, बिघडवावं. या प्रोग्रॅमला वेगवेगळ्या डेस्कटॉपवर, म्हणजे कॉम्प्युटर लावला की समोर येणाऱ्या पडद्याच्या वेगवेगळ्या मांडणीत, राहावं लागतं, आणि प्रत्येक डेस्कटॉपची रीत निराळी. आमच्याकडे सोसायट्यांचं असतं तसंच. एका सोसायटीत दूधवाल्याने पिशवी दाराच्या कडीला लावायची, दुसरीत वॉचमनकडे द्यायची, तिसरीत बेल वाजवली तर सेक्रेटरी अंगावर येतात. दूध तेच. पण प्रत्येक फाटकाचा नियम कुणीतरी पाठ करावा लागतो. मेल आल्याची सूचना कुठून सरकत यावी, आवाज व्हावा की नाही, कोपऱ्यात घड्याळाशेजारी छोट्या पाकिटावर न वाचलेल्या मेलचा आकडा कसा उमटावा, हे सगळं डेस्कटॉपगणिक वेगळं. ते सांभाळायचं काम माझं. ते नीट चाललं तर कुणाला दिसत नाही. बिघडलं तर सगळ्यांना दिसतं. थोडक्यात, सोसायटीच्या पंपासारखं.

सगळं माझ्याकडे मात्र नाही. नवा, देखणा, सगळे वापरतात तो डेस्कटॉप मिलिंदकडे आहे. जुना, खाली पट्टी असलेला, जुन्या मशीनवरही रखडत का होईना चालणारा, तो माझ्याकडे. ही वाटणी आम्ही कॉलेज संपल्या संपल्या केली होती. तेव्हा माझा भाग मोठा होता. मिलिंद म्हणालाही होता, "अव्या, जुनं घर तू घे, मी आपला नवीन प्लॉटवर झोपडी टाकतो." मग त्या प्लॉटवर टॉवर उभा राहिला.

मिलिंद मुलुंडला राहतो. बोरीवली आणि मुलुंड यांच्यामध्ये एक अख्खं जंगल आहे, त्यात बिबटे आहेत. तरी हे अंतर पुरत नाही. परदेशातला कुणी मुलगा आमच्याच प्रोग्रॅममध्ये अफाट काम करतो, त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मत्सराला एवढा लांबचा माणूस चालत नाही. त्याला एका बाकावर बसलेला, एकाच वहीतून उतरवून काढलेला, आपल्या डब्यातली पोळी खाल्लेला माणूस लागतो.

मला आठवतो तो ऑक्टोबर काही वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी मिलिंदने आकडा काढून टाकला.

म्हणजे त्याच्या डेस्कटॉपवरून. न वाचलेल्या मेलच्या संख्येऐवजी त्याने पाकिटावर एक लाल ठिपका ठेवला. बस. नवीन काही असेल तर ठिपका, नसेल तर नाही. यावर त्याला परदेशात एका परिषदेत बोलावलं. त्याची चित्रफीत आमच्या घरात सुजाताने लावली, माझ्या बायकोने. ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चिवड्याचे पोहे निवडत होती. मोबाइल तिने डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर मिलिंद खादीचा कुडता घालून उभा होता. मुलुंडमध्ये मी त्याला कुडत्यात कधी बघितलेला नाही. "संख्या माणसावर ओरडते," तो इंग्रजीत सांगत होता, "ठिपका हळूच खांद्यावर हात ठेवतो." मग तो थांबला. किती थांबायचं हे त्याला कुणीतरी शिकवलं असावं. मग टाळ्या.

"किती छान बोलतो ना हा," सुजाता म्हणाली.

"ठिपका लावलाय त्याने. एक ठिपका."

"मग तू दोन लाव ना."

मी गॅलरीत गेलो. तिथे सातवीण होतीच.

मत्सराबद्दल एक गोष्ट चांगली म्हणता येईल. तो माणसाला बारकाईने वाचायला लावतो. त्या ठिपक्याचा कोड मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा प्रेमात पडलेला माणूस पत्रही वाचत नसेल. एखादी चूक सापडावी, निदान एखादी ओळ गबाळी निघावी, एवढीच माफक इच्छा होती. कोड चांगला होता. छोटा, स्वच्छ, हात धुऊन लिहिल्यासारखा. लोक म्हणतात की चांगलं काम बघितलं की मन प्रसन्न होतं. हे लोकही बहुधा झाडापासून लांब राहणारे.

ठिपक्यावर गोष्ट थांबली असती तर मी ओवा चावून दिवाळी काढली असती. पण त्याच आठवड्यात आमच्या प्रोग्रॅमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना लिहिलं. बाई कुठल्याशा थंड देशात राहतात, कमी शब्दांत लिहितात. त्यांचं म्हणणं असं की मिलिंदने सुचवल्याप्रमाणे पुढच्या आवृत्तीत सगळीकडे ठिपकाच ठेवू. जुन्या डेस्कटॉपचा आकड्याचा भाग एकटा अविनाश सांभाळतो, वापरणारे थोडे, तो काढून टाकू. आकडा कुणाला खरोखर लागत असेल तर दिवाळीच्या आत सांगा. अर्थात बाईंनी दिवाळी म्हटलं नव्हतं. त्यांनी तारीख दिली होती, दिवाळी मी बघितली.

इतकी वर्षं मी जे सांभाळलं ते म्हणजे तो आकडा. बाकी माझ्याकडे होतं काय? तो गेला की मी या प्रोग्रॅममध्ये नुसता एक जुना माणूस उरणार होतो, समारंभात पुढच्या रांगेत बसवतात तसा. मी उत्तर लिहायला बसलो. लांबलचक लिहिलं. वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य, परंपरा, अल्पसंख्याकांचे हक्क, सगळं त्यात आणलं. मलाच ते वाचून भरून आलं. उत्तर कुणाचंच आलं नाही. एक अंगठा आला, तोही कुणाचा तरी चुकून दाबला गेला असावा.

आमच्या सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून आहे. तिथे पंपाच्या तेलाचा, ओल्या भिंतीचा आणि ऑक्टोबरात आणखी कंदिलांच्या नव्या कागदाचा वास असतो, कारण सामायिक कंदील तिथेच ठेवतात. सेक्रेटरी तावडेकाका. सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. काका शांत असले की छापखान्यातली शुद्ध मराठी बोलतात, चिडले की मालवणी. ऑफिसमधला कॉम्प्युटर एका सभासदाने घरातून काढून टाकला होता, तो मी माझ्या जुन्या डेस्कटॉपवर जिवंत ठेवला होता. नवी आवृत्ती यायची असली की मी आधी तिथे टाकून बघायचो. माझ्या मशीनवर सगळं नीटच चालतं, त्यामुळे त्यावर माझा विश्वास नाही.

त्या रविवारी सकाळी मी आकडा काढलेली, ठिपका घातलेली आवृत्ती काकांच्या मशीनवर टाकली. खरं सांगायचं तर ठिपका तिथे कुरूप दिसावा अशी आशा होती. काका खुर्चीत बसले, चष्मा वर केला, खाली केला.

"अरे अवी, ह्यां काय करून ठेवलंस? आकडो खंय गेलो?"

"काका, आता तिथे ठिपका येणार. लाल ठिपका म्हणजे नवीन मेल आहे."

"ठिपको माका कळता. कपाळाक लावतत तो. आकडो खंय?"

"आकडा काढून टाकायचं चाललंय. मी नाही, दुसऱ्याने केलंय."

"कोण तो? त्याका जरा माझ्यासमोर उभो कर मेल्याक."

आणि दारात मिलिंद उभा होता. हातात त्याच्या आईने दिलेला अनारशांचा डबा. दर वर्षी दिवाळीआधीच्या रविवारी तो येतो, आणि त्या दिवशी लिफ्ट बंद असल्याने जिन्याकडे वळताना आवाज ऐकून आत डोकावला होता. इतका सुंदर योग माझ्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता. अशा वेळी बोलून काही बिघडवू नये.

"काका, मी केलं ते," मिलिंद म्हणाला.

काकांनी त्याला खालून वर बघितलं. "तू? दिसतस तर बरो."

मला खुर्चीवर बसावंसं वाटत होतं, पण ऑफिसात दुसरी एकच खुर्ची होती, तीही मिलिंदने ओढून घेतली. डबा मांडीवर ठेवून त्याने विचारलं, "आकडा तुम्हाला कशाला लागतो, काका?"

साधा प्रश्न होता. तो मिलिंदने विचारला याचंच मला वाईट वाटलं.

काका शुद्ध मराठीवर आले. "हे बघ. सभासदाची तक्रार येते. मी ती उघडत नाही. बाहेरूनच पहिली ओळ दिसते ना, तेवढी पुरते. अमुक विंग, गळती. तमुक, कबुतरं. काम झालं की मग उघडायची. उघडलं म्हणजे मिटलं. म्हणजे तो आकडा काय आहे? सोसायटीचं राहिलेलं काम. कमिटीतला कोणीही दारातून विचारतो, काका, किती? मी घड्याळाकडे बघतो आणि सांगतो. मान वळवावी लागत नाही."

हे मला ठाऊक होतं. मी काकांना कितीतरी वेळा समजावलं होतं की मेल वाचायचा असतो, काम राहिलं असेल तर त्यावर तारा लावायचा, त्यासाठी तारे दिलेत. काका म्हणायचे, "तारे तू मोज." माझ्या लेखी तो काकांचा अडाणीपणा होता. माझ्या त्या लांबलचक पत्रात स्वातंत्र्य होतं, परंपरा होती. तावडेकाका नव्हते.

"आणि ते कबुतरांचं कधी मिटणार?" मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"ते नाही मिटत. ते राहू दे तिथं. कबुतरं असेपर्यंत आकडा शून्यावर येत नाही, म्हणून कमिटीही जागी राहते."

मिलिंद हसला. मग पडद्याकडे वाकून बघू लागला. "काका, हे लिफ्टवाल्यांचं काय?"

"लिफ्ट चालू झाली की उघडणार."

"मी उघडू?"

"झालेलं नाही ना अजून काम!" काकांनी माउसवर हात ठेवला.

"एकदा बघू तरी. मिटलं नसेल तर परत न वाचलेलं करून देतो." त्याने उघडलं. वरच्या ओळीत नमस्कार आणि लिफ्टच्या दुरुस्तीबाबत असा विषय होता. खाली लिहिलं होतं की सुटा भाग आणून ठेवला आहे, आपला होकार आल्यावर लगेच काम सुरू करू.

लिफ्टवाले काकांच्या होकाराची वाट बघत होते, काका लिफ्ट सुरू होण्याची वाट बघत होते, आणि जिन्यात पाचव्या मजल्यावरच्या शहाबेन भाजीची पिशवी कठड्यावर टेकवून उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, "तावडेभाई, लिफ्ट क्यारे?"

"उद्या!" काका ओरडले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "होकार कसा पाठवतात ते दाखव रे जरा."

मला वाटलं, आता मिलिंद म्हणणार: बघा, म्हणूनच आकडा नको. त्याच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो, आणि थोडं थांबलो असतो, टाळ्यांसाठी. मिलिंदने होकार लिहून दिला, तो मेल पुन्हा न वाचलेला केला, आणि मला म्हणाला, "अव्या, तुझा आकडा घाल परत. काकांना लागतो."

त्याच दिवशी संध्याकाळी त्याने बाईंना लिहिलं. माझं पत्र पडद्यावर मावत नव्हतं, त्याचं चार ओळींचं. मुंबईच्या एका उपनगरात एक माणूस हा आकडा न वाचलेल्या मेलसाठी नाही, न झालेल्या कामांसाठी वापरतो. त्याची पद्धत चुकीची असेल, पण ती चालू आहे, आणि ती मोडायचा अधिकार आपल्याला नाही. माझी सूचना मी मागे घेतो. बाईंनी लगेच होकार दिला. मग ओळीने लोक लिहू लागले. स्वतःची सूचना मागे घेणं केवढं अवघड. किती मोठ्या मनाचा माणूस. कुणी हृदय पाठवलं, कुणी टाळ्या. नव्या आवृत्तीच्या टिपणात छापून आलं: जुन्या डेस्कटॉपवरचा आकडा मिलिंदच्या आग्रहावरून कायम ठेवला आहे.

म्हणजे माझं काम वाचलं, आणि तेही त्याच्याच नावावर जमा झालं. माणसाने तुमचं काही हिरावून घेतलं तर त्याचा राग करता येतो. त्याने ते परत आणून दिलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

सोमवारी लिफ्ट सुरू झाली. काकांनी लिफ्टवाल्यांचा मेल समारंभाने उघडला. मी आकडा परत बसवून दिला होता. तो बरोबर एकाने कमी झाला, तेव्हा काकांनी समाधानाने मान हलवली. मला वाटलं, निदान इथे तरी.

"तुझो तो मित्र पुन्हा कधी येतलो?" काका म्हणाले. "त्याच्या हाताक गुण आसा रे."

घरी सुजाता चकल्या पाडत होती. खालच्या गिरणीतून आणलेली भाजणी कोमट होती, तिचा खमंग वास सातविणीला पुरून उरत होता. तिला सगळा वृत्तांत सांगितला. तिने सोऱ्या फिरवता फिरवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग? थँक्यू म्हणालास का त्याला?"

"लिहीन."

"लिहू नकोस. तू लिहिलंस की त्यात अल्पसंख्याक येतात. फोन कर."

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. मिलिंदने उचलला. मागे त्याच्या आईचा आवाज, मुलुंडच्या रस्त्यावरचे फटाके. मी घसा साफ केला आणि म्हणालो की आकड्याबद्दल थँक्स.

"थँक्स काय, गाढवा. काम तुझं आहे. मी नुसतं सांगितलं," तो म्हणाला. मग जरा वेळ काही बोलला नाही, आणि हे थांबणं कुणी शिकवलेलं नसावं. "खरं सांगू? त्या दिवशी तुझा हेवा वाटला रे. तुझा आकडा गेला तर एक माणूस भांडायला उठला. माझा ठिपका एवढे लोक वापरतात, उद्या तो काढला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही."

खाली फाटकाबाहेर वाऱ्याने सातविणीची फुलं गळत होती. मला काय वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्याला ते कळलेलं असणार, आणि ते फारसं शोभणारं नाही. मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"काय म्हणालास?" मी म्हणालो. "परत बोल, आवाज तुटतोय."

आवाज चांगला खणखणीत येत होता.